चूल, धुराडं आणि बंब : पावसाळा सरल्यावरचं काम

नवरात्राच्या आधी कोल्हापुरात घरंच्या घरं झाडून-धुऊन निघतात. गोधड्या पंचगंगेच्या घाटावर जातात, भांडी उन्हात येतात. त्याच सुमारास परड्यातल्या चुलीचं वर्षाचं कामही हाती घ्यायचं. मिरगापासून चार महिने तिनं ओल प्यायलेली असते, धुराड्यात काजळी चढलेली असते, आणि पुढं थंडीत भाकरीपासून आंघोळीच्या पाण्यापर्यंत सगळा भार तिच्यावर यायचा असतो. घरात गॅस असला तरी भाकरी आणि मटण चुलीवरचंच हवं असणारी घरं इथं अजून पुष्कळ आहेत.

इथं सांगतोय ते दोन भांड्यांच्या, धुराडं असलेल्या मातीच्या चुलीबद्दल. पुढं मुख्य चूल, मागं वैल म्हणजे दुसऱ्या भांड्याची जागा, दोन्हींना जोडणारी बोगद्यासारखी वाट आणि वैलाच्या मागून वर गेलेलं धुराडं. धुराडं नसलेली साधी चूल आणि ही चूल यांत एक फरक आधीच लक्षात घ्यावा, कारण दुरुस्ती करताना नेमकी तिथंच चूक होते. साध्या चुलीवर भांडं तीन उंचवट्यांवर बसतं, आणि भांडं नि चूल यांच्यामध्ये बोटभर फट लागते. जाळ त्या फटीतून वर येतो. उंचवटे झिजून फट गेली की जाळ गुदमरतो आणि धूर तोंडावाटे पुढं येतो. धुराड्याच्या चुलीला मात्र अशी फट चालत नाही. तिथं भांडं भोकाच्या काठावर चपखल बसायला हवं. काठ झिजला तर धुराडं जाळाऐवजी त्या फटीतून थंड वारा ओढत बसतं, जाळ मंदावतो आणि वैलावरचं कालवण तासभर कोमटच राहतं. पुष्कळ घरांत धुराड्याच्या चुलीलाही जुन्या सवयीनं उंचवटे करतात आणि मग धुराडं ओढत नाही म्हणून तक्रार करतात.

चुलीची बहुतेक दुखणी वाऱ्याच्या वाटेत असतात. वारा खालून आत यायचा, जाळातून पुढं जायचा, वैलाखालून वळायचा आणि धुराड्यातून बाहेर पडायचा. म्हणून तपासणीही त्याच क्रमानं करावी.

सुरुवात राखेपासून. चूल एक अख्खा दिवस थंड ठेवावी. राखेत पुरलेला इंगळ, म्हणजे निखारा, दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. राख लोखंडी बादलीतच काढावी. प्लॅस्टिकच्या घमेल्यात किंवा पोत्यात नको. जाळी असेल तर ती उचलून खालचा राखेचा कप्पा तळापर्यंत मोकळा करावा. हा कप्पा निदान ३ ते ४ इंच खोल हवा. तो भरला की जाळीखालून वारा येणं बंद होतं, मग कितीही फुंकणी मारली तरी फुंकर थांबली की जाळ बसतो. जाळीच्या पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आतबाहेर असावं. त्याहून जास्त असेल तर इंगळ खाली गळतात, कमी असेल तर राख अडकते.

जाळी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची घ्यावी. कोल्हापूर हे फौंड्रीचं गाव आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात बिडाचं ओतकाम चालतं, त्यामुळं इथं अशी जाळी मिळवायला त्रास पडत नाही. साध्या लोखंडी सळ्यांची जाळी सारख्या धगीनं मधोमध वाकते आणि तिचे पापुद्रे सुटत जातात. बीड वाकत नाही, पण तापलेल्या बिडावर उतू गेलेलं पाणी पडलं तर ते तडकतं. म्हणून भाताचं आधण काठोकाठ भरू नये. चुलीच्या पोटात सगळ्यात जास्त धग लागते त्या मागच्या भिंतीला भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक, उभी लावली की दरवर्षीचं निम्मं लिंपण वाचतं. हीही इथं भट्ट्यांचं सामान विकणाऱ्याकडं सुटी मिळते.

राख निघाली की हात घालून मधली वाट चाचपायची. हे काम बहुतेक जण विसरतात. जाळाबरोबर उडालेली भुरी राख या वाटेत बसत जाते. वाटेची उंचीच साधारण ३ इंच असते, त्यात दोन इंच राख साचली तर धुराडं कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. वैलाच्या भोकातून हात जातो. हात जात नसेल तर लांब दांड्याचा पळा वापरावा. वापरात असलेल्या चुलीची ही वाट पंधरा दिवसांतून एकदा मोकळी करावी. शेणी जास्त जाळत असाल तर आठवड्याला, कारण शेणीची राख लाकडापेक्षा कितीतरी जास्त पडते.

आता भेगा. संध्याकाळी अंधार पडल्यावर चुलीच्या पोटात पेटती टॉर्च ठेवावी आणि दोन्ही भोकांवर ताटं झाकावीत. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथं आरपार भेग आहे. केसाएवढ्या वरवरच्या भेगा पोतेऱ्यानं बुजतात. उजेड दिसतो ती भेग मात्र उकरून भरावी लागते. चुलीच्या तोंडावरच्या कमानीची भेग सगळ्यात वाईट. वर रश्श्याचं पातेलं असताना कमान बसली तर उकळता रस्सा समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो. कमानीत दीड इंच रुंदीची लोखंडी पट्टी घालतात, ती घालताना तिच्या दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा ठेवावी. लोखंड तापून लांबतं, आणि टोकं मातीत गच्च बसलेली असली की तीच पट्टी चुलीच्या भिंती फोडते.

मातीची निवड घाईत करू नये. शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती ओली असताना लोण्यासारखी लागते, पण वाळताना आकसते आणि भेगाळते. चुलीला पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी माती किंवा वारुळाची माती बरी. आमचं प्रमाण असं : चाळलेली माती ४ घमेली, भाताचं तूस १ घमेलं, चाळलेली राख अर्धं घमेलं आणि ताजं शेण अर्धं घमेलं. तूस आणि शेणातले धागे मातीला धरून ठेवतात. पुढं जाळानं तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळं भिंत धग कमी खाते. हे सगळं पाण्यात कालवून, ओल्या पोत्याखाली तीन दिवस मुरू द्यावं आणि रोज एकदा पायानं तुडवावं.

मुरलेल्या मातीचा लिंबाएवढा गोळा करून सावलीत दोन दिवस वाळवावा. गोळ्याला भेगा पडल्या तर माती फार चिकट आहे, तूस किंवा बारीक वाळू वाढवा. अंगठ्यानं दाबल्यावर भुगा झाला तर चिकण कमी आहे, माती वाढवा. गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाकल्यावर अख्खा राहिला, की माती चुलीला लावायला तयार.

भेग भरताना कोरड्या मातीवर ओली माती थापली तर ती आठवड्यात पोपड्यासारखी सुटते. म्हणून आधी जुन्या सुरीनं भेग दोन्ही बाजूंनी तिरकी उकरून रुंद करावी, आतली भुकटी फुंकणीनं उडवावी आणि पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं भेग भिजवावी. पहिलं पाणी माती लगेच पिते. दुसरं सावकाश पिते. तिसऱ्या वेळी पाणी वर चकाकत राहिलं की थांबायचं. मग तीच माती ताकाएवढी पातळ करून भेगेत सोडायची, आणि लगोलग कणकेएवढी घट्ट माती अंगठ्यानं आत रेटायची. नुसती वरून थापायची नाही, आतली हवा बुडबुड्यानं बाहेर येईपर्यंत रेटायची. अर्ध्या-पाऊण तासानं माती जरा आवळली की गुळगुळीत गोट्यानं घासून घ्यावी. एका वेळी अर्ध्या बोटापेक्षा जाड थर देऊ नये. भेग खोल असेल तर दुसरा थर दुसऱ्या दिवशी.

भोकाचा काठ दुरुस्त करायची सोपी रीत अशी, की रोजच्या पातेल्याच्या बुडाला बाहेरून राख चोळायची आणि ते ओल्या मातीवर हलकं गोल फिरवत दाबायचं. काठाला त्याच भांड्याचा नेमका आकार येतो, आणि राखेमुळं भांडं चिकटत नाही. मात्र एका भोकाला एकच मापाचं भांडं ठेवायची शिस्त घरात सगळ्यांनी पाळली तरच याचा फायदा.

सिमेंट लावू नये. दिसायला पक्कं वाटतं, पण धगीनं त्यातलं बांधून राहिलेलं पाणी निघून जातं आणि ते फुगून, ठिसूळ होऊन गळतं. नदीतले गोटेही आत वापरू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन गोटा फुटतो आणि कपच्या उडतात.

सगळं झाल्यावर सावलीत आठ ते दहा दिवस वाळवणं. उन्हात वाळवली तर वरचा थर आधी आकसतो आणि नवी भेग पडते. पहिला जाळ मूठभर चिपाडाचा, दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी काटक्यांचा, अर्धा तास. तिसऱ्या दिवशी बारीक लाकडं. भिंतीतून वाफ निघताना दिसली तर जाळ तिथंच थांबवावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडतं त्या वर्षी नदीकाठच्या घरांतल्या चुली पुरात बसतात. उभ्या राहिलेल्या चुलीच्याही भिंती आतपर्यंत भिजलेल्या असतात. तिथं महिनाभर वाट पाहावी, आणि पाया विरघळला असेल तर लिंपत बसू नये, चूल नव्यानं घालावी. शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत चौकशी केली तर घालून देणारं माणूस कळतं.

धुराड्याचा नळ ४ इंच व्यासाचा असतो. त्यात पाव इंच काजळी सगळीकडून चढली की आतली वाट साडेतीन इंचांवर येते, म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबानं जवळजवळ चौथा हिस्सा बंद होतो. साफ करायला दोरीला पाव किलोचा दगड बांधावा, त्याच्या वर नारळाच्या शेंड्यांचा नळाच्या मापाचा गुंडा घट्ट बांधावा आणि वरून खाली चार-पाच वेळा सोडावा. खाली वैलावर ओलं पोतं टाकलेलं असावं, नाहीतर अख्खं स्वयंपाकघर काळं होतं. नाका-तोंडाला फडकं बांधा. कौलावर चढताना एकट्यानं चढू नये, आणि शेवाळ वाळल्याशिवाय तर मुळीच नाही.

गुंड्याबरोबर पडलेली काजळी हातात घेऊन बघावी. भुसभुशीत, कोरडी असेल तर चूल नीट जळते आहे. डांबरासारखी तकतकीत आणि चिकट असेल तर जळण ओलं आहे किंवा जाळ कोंडून जळतो आहे. हा चिकट थर पेट घेतो. धुराड्यातून गाडीसारखा घरघराट येऊ लागला, नळ लाल दिसू लागला, तर आत आग लागली आहे असं समजा. अशा वेळी पाणी ओतू नये, तापलेला नळ फुटतो. चुलीचं तोंड पत्र्यानं आणि ओल्या मातीनं बंद करावं, वारा तोडावा, छपरावर लक्ष ठेवावं आणि आटोक्यात येत नाही असं दिसताच अग्निशमन दलाला बोलवावं. जुन्या वाड्यांतले सागवानी वासे आणि नळ यांत निदान दीड फूट अंतर हवं. उसाच्या पाल्याचं छप्पर असलेल्या खोपटात धुराड्याची चूल घालूच नये.

वरचं टोक आढ्यापेक्षा दोन फूट उंच असावं, नाहीतर छपरावरून वळसा घेणारा पश्चिमेचा वारा धूर परत खाली दाबतो. वळण द्यावं लागलं तर एक काटकोन देण्यापेक्षा दोन तिरकी वळणं द्यावीत. काटकोनात काजळी साचते. जुना सिमेंटच्या पत्र्याच्या जातीचा, ॲसबेस्टॉसचा नळ असेल तर तो करवतीनं कापू किंवा फोडू नका. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

काम झालं की उदबत्तीनं परीक्षा घ्यावी. चूल थंड असताना सकाळी मूठभर चिपाड वैलाखाली, नळाच्या तोंडाशी जाळावं. नळातली हवा तापली की ती वर चढते आणि मागून ओढ लागते. मग पुढच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर सरळ आत ओढला गेला तर वाट मोकळी. जागच्या जागी घुटमळला तर वाट कुठंतरी बुजलेली आहे. उलटा अंगावर आला तर नळाची उंची किंवा टोपी बघावी. रोज चूल पेटवतानाही आधी नळ असा तापवून घेतला की पहिल्या पाच मिनिटांचा घरभर होणारा धूर टळतो.

जळणाचं गणित वेगळंच आहे. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं, चांगलं वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येतं. दहा किलो ओल्या लाकडातलं पाच लिटर पाणी वाफ करायला लिटरमागं ५४० किलोकॅलरी जातात, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास सुकं लाकूड निव्वळ त्यातच संपतं. पण खरं नुकसान त्यानं होत नाही. जाळाची धगच उतरते, त्यामुळं लाकडातून निघालेला वायू पेटतच नाही आणि धूर होऊन निघून जातो. तो धूर म्हणजे न जळलेलं जळण आहे.

शिमग्याच्या आधी लाकूड तोडून मनगटाएवढ्या जाडीचं फोडावं. अख्खा ओंडका सालीआड वर्षभर ओला राहतो. दगडांवर, जमिनीपासून अर्धा फूट उंच, फटी ठेवून रचावं. झाकायचं ते फक्त वरून. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत घाम सुटून बुरशी येते. वाळलं की नाही हे ओळखायला दोन ढलप्या एकमेकींवर वाजवाव्यात : सुकं टणटण वाजतं, ओलं बद्द वाजतं. खात्री करायची तर एक लाकूड काट्यावर तोलून खूण करावी आणि दर पंधरवड्याला तोलावं. वजन उतरायचं थांबलं की जळण तयार. मिरगाच्या आत ते छपराखाली आलंच पाहिजे. शेणींचं तसंच. हुडवी, म्हणजे शेणींची रचलेली रास, बाहेरून शेणानं नीट लिंपलेली असली तर आतल्या शेणी अख्खा पावसाळा कोरड्या राहतात, पण एकदा फोडली की रोज काढायच्या बाजूला पत्रा आडवा लावायला विसरू नये.

बाभूळ आणि चिंच यांचे इंगळ टिकतात, भाकरीला ते उत्तम. निलगिरी झटक्यात पेटते आणि झटक्यात संपते, पाणी तापवायला ठीक. पांगारा, शेवगा ही हलकी लाकडं, जागा अडवतात आणि धग देत नाहीत. उसाची वाळलेली खोडकी मटणाला चालतात, फक्त मुळाची माती झटकून घ्या, नाहीतर जाळीवर ती माती भाजून बसते. कण्हेर विषारी, शेराचा चीक डोळ्यांना घातक, दोन्ही चुलीत नकोत. आजरा-चंदगडकडून येणाऱ्या काजूच्या टरफलांत तेल असतं, त्यांचा धूर झोंबतो, ती उघड्या चुलीत घालू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीनं किंवा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं चूल पेटवायची सवय ज्या घरात आहे, त्यांनी ती आजच सोडावी. तो धूर भाकरीवर बसतो आणि पोरांच्या छातीत जातो. पेटवायला चिपाड आणि करवंटी पुरेशी असते.

न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला हेच सगळं लागू, शिवाय दोन गोष्टी जास्तीच्या. बंबात मधोमध जाळाची नळी असते आणि तिच्याभोवती पाणी. नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि वरचं कढत पाणी तोटीतून बाहेर येतं. सांधे डाख लावून, म्हणजे धातू वितळवून झाळून, जोडलेले असतात. पाणी आहे तोवर आतलं तांबं शंभर अंशांच्या आसपास राहतं, म्हणून डाख टिकतो. पाणी नसताना जाळ घातला तर साधा डाख दोन-अडीचशे अंशांच्या आतच वितळतो आणि बंब गळायला लागतो. २० लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला ८०० किलोकॅलरी लागतात. निम्म्याहून जास्त धग वाया गेली असं धरलं तरी पाऊण किलो सुकं जळण पुरतं. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर नळीत काजळी किंवा पाण्याच्या बाजूला क्षार चढलेत. नळी शेंडीच्या गुंड्यानं घासावी. बोअरचं पाणी असेल तर क्षार लवकर चढतात : कोमट २० लिटर पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड, दोन-तीन तास ठेवून काढायचं आणि दोनदा धुवायचं. फरशी धुवायचं ॲसिड तांब्याला लावू नये.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. इंगळ धूर देत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही आणि वास नाही. बंद न्हाणीत पेटता बंब, किंवा बाळंतिणीच्या खोलीत दार लावून ठेवलेली शेगडी, यानं माणूस झोपेतच जातो. डोकं जड होणं, मळमळणं, गरगरणं जाणवताच त्या माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणावं आणि दवाखान्यात न्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. न्हाणीला वर झरोका आणि दाराखाली चार बोटं फट असल्याशिवाय बंब आत ठेवू नये. जमलं तर तो बाहेर पडवीतच पेटवावा आणि पाणी बादलीनं आत न्यावं.

शेवटच्या माणसाची आंघोळ झाली तरी नळीत इंगळ असतात. म्हणून जाता जाता तोटीतून पाणी येईपर्यंत बंब भरून ठेवावा आणि मगच राख ओढावी.